शनिवार पेठेतील ‘इवान’ फळी: जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाविषयी

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याकडे निघाले की डाव्या हाताला शनिवार पेठेत शिरणारे काही बोळ लागतात. त्यांपैकी एका बोळात, जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला लागून, जुन्या पुस्तकांचे एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दारात दोन लाकडी खोकी, त्यांत दहावी-बारावीची गाइडे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके, आणि आत छतापर्यंत पोचलेल्या मांडण्या, एवढेच बाहेरून दिसते. चौकात पुस्तके घ्यायला आलेली माणसे या बोळावरून तशीच पुढे जातात आणि मीही कित्येक वर्षे तशीच गेले होते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र महिन्यातून दोनदा तरी माझी तेथे फेरी होते. त्याचे कारण आतल्या खोलीतील एक फळी आहे. तिच्या कडेला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने एकच शब्द लिहिलेला आहे: इवान.

या दुकानात मराठी पुस्तके लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली आहेत, पण परभाषेतून आलेली पुस्तके पाळण्यातल्या नावाप्रमाणे लावलेली आहेत. मालक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आहेत आणि सगळे ग्राहक त्यांना काका म्हणतात. ही रीत कशी पडली असे मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, “ताई, ही परदेशी आडनावं गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाहीत. पण ज्याची गोष्ट आहे त्याचं नाव लक्षात राहतं. माणूस दारात येऊन तेच सांगतो, मग मी पुस्तक तिथंच ठेवायला नको का?” त्यामुळे एकाच फळीवर इवान नावाचे लेखक, इवान नावाचे नायक, इवान नावाच्या चित्रकारांच्या चित्रांचे संग्रह आणि इवान नावाच्या राजाचा इतिहास असे सगळे शेजारी शेजारी उभे असते. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला हे पटणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु या मांडणीने मला गेल्या वर्षभरात जे वाचायला शिकवले ते दुसऱ्या कोणत्याही दुकानाने शिकवलेले नाही, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

मी तेथे पहिल्यांदा गेले ती रशियन लेखक तोलस्तोय (टॉलस्टॉय) याच्या ‘इवान इलिचचा मृत्यू’ या कादंबरिकेच्या शोधात. त्याआधी मी तिची एक इंग्रजी प्रत घरबसल्या मागवली होती. मुखपृष्ठ गुळगुळीत होते, किंमतही कमी होती, परंतु आत अनुवादकाचे नाव नव्हते, आणि ज्या कोणी ते भाषांतर केले होते त्याने वाचकाची सोय म्हणून पात्रांची नावे सोपी करून टाकली होती. इवान इलिच हा तेथे सर्वत्र ‘मिस्टर गोलोविन’ झाला होता. गोलोविन हे त्याचे आडनाव आहेच, तेव्हा माहिती म्हणून त्यात चूक काहीच नव्हती. तरीही पुस्तक मिटले तेव्हा आपल्याला कोणीतरी फसवले आहे असे वाटत राहिले, आणि ते का वाटले हे मला काकांच्या फळीपाशी उभे राहून, तीच कथा जुन्या, चांगल्या भाषांतरात वाचताना कळले.

मी एका बँकेत खाती उघडण्याच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे. अर्जावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात, आणि माणूस ते भरताना काय भरतो, कशाला अडखळतो, हे पाहण्यात माझे दिवस गेले. रशियन माणसाला हा अर्ज दिला असता तर तो एकदाही अडखळला नसता, कारण त्यांच्या पूर्ण नावात हेच तीन भाग असतात: नाव, वडिलांच्या नावावरून केलेले नाव आणि आडनाव. इलियाचा मुलगा तो इलिच, इवानचा मुलगा इवानोविच आणि इवानची मुलगी इवानोव्ना. युरोपातील बहुतेक वाचकांना हे मधले नाव समजावून सांगावे लागते. मराठी वाचकाला ते सांगावे लागू नये, कारण आपले मधले नाव आपल्या शिधापत्रिकेवर असते. एक फरक मात्र आहे, आणि तो मला वैयक्तिकरीत्या फार जाणवला. लग्नानंतर माझ्या नावामधले वडिलांचे नाव गेले आणि तेथे पतीचे नाव आले. रशियन स्त्रीचे आडनाव लग्नाने बदलू शकते, पण वडिलांचे नाव शेवटपर्यंत तिच्याजवळ राहते. इवानोव्ना ही आजी झाली तरी इवानोव्नाच असते.

दुसरी गोष्ट हाकेची. आपण आदराने हाक मारताना नावाला राव, पंत, साहेब असे काही जोडतो. रशियन माणूस आदर दाखवताना नाव आणि वडिलांचे नाव एकत्र उच्चारतो, म्हणजे ‘इवान इलिच’ हे संबोधन ऐकताना आपल्या कानाला ‘गणपतराव’ ऐकू यायला हवे. आणि जवळीक असेल तर तोच इवान वान्या होतो, आणखी लाडात वानेच्का होतो, आणि तुच्छतेने किंवा गावंढळपणे बोलावले तर वान्का होतो. आपल्याकडे विनायकचा विनू होतो आणि विन्याही होतो, आणि विनू म्हणणारे कोण व विन्या म्हणणारे कोण हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘वान्या’ या रूपातला ‘या’ मराठी कानाला बाळ्या, रम्या यांच्या रांगेतला वाटतो, म्हणून तो थोडा उद्दाम ऐकू येतो. प्रत्यक्षात तो हळुवार आहे, आणि खरा खडबडीतपणा ‘वान्का’मध्ये आहे. एवढे एक ध्यानात ठेवले की या फळीवरची निम्मी पुस्तके वेगळी ऐकू येऊ लागतात.

‘इवान इलिचचा मृत्यू’ 1886 सालचा आहे. पहिल्याच परिच्छेदात न्यायालयातील काही अधिकारी इवान येगोरोविच शेबेक याच्या खोलीत बसलेले असतात आणि त्यांच्यातला प्योत्र इवानोविच वर्तमानपत्रातून इवान इलिचच्या मृत्यूची बातमी वाचून दाखवतो. मेलेलाही इवान, ज्याच्या खोलीत बातमी कळली तोही इवान, आणि बातमी सांगणारा इवानचा मुलगा. पूर्वी मी हे परिच्छेद आडनावांच्या भाषांतरात वाचले होते तेव्हा यातले काहीच दिसले नव्हते. खोलीतल्या माणसांच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या जागेवर आता कोणाची बदली आणि कोणाची बढती होईल हा, आणि दुसरा विचार, मेला तो हा, आपण नव्हे, हा. नावे पाहिली की कळते की तोलस्तोयने त्यांना हा दिलासा देऊ केलेला नाही.

इवान इलिचचा आजार सुरू होतो तो नव्या घराचे पडदे लावून दाखवताना शिडीवरून पाय घसरून कुशीला बसलेल्या माराने. पुढे दुखणे वाढते, डॉक्टर बदलतात, घरचे लोक त्याच्याशी खोटे वागू लागतात. एका रात्री त्याला शाळेत तर्कशास्त्रात शिकलेले उदाहरण आठवते: कायुस हा मनुष्य आहे, मनुष्य मर्त्य आहे, म्हणून कायुस मर्त्य आहे. ते कायुसच्या बाबतीत बरोबरच होते, असे तो स्वतःला सांगतो, पण मी काही कायुस नाही, मी तर लहानसा वान्या होतो, मला आई होती, बाबा होते. चाळीस ओलांडलेला, सरकारी हुद्द्याचा, ज्याला सगळे जग इवान इलिच म्हणते असा माणूस मरणाच्या भीतीने आपले पाळण्याजवळचे नाव शोधतो. शेवटच्या प्रकरणांत त्याची बायको त्याला ‘जाँ’ म्हणून हाक मारते. त्या काळच्या उच्चभ्रू रशियन घरांत फ्रेंच बोलत, आणि जाँ म्हणजे इवानच, फक्त फ्रेंच कपड्यांतला. एका माणसाला एकाच नावाने तिघे तीन प्रकारे हाका मारतात, आणि ज्या हाकेची त्याला आस आहे ती मारणारे कोणीच उरलेले नाही. ‘मिस्टर गोलोविन’ने माझ्यापासून हे लपवले होते. काकांकडची प्रत पिवळी पडलेली आहे, तिची शिवण दोन ठिकाणी सुटली आहे, तरी मी ती सत्तर रुपयांना घेतली आणि नवी गुळगुळीत प्रत रद्दीत दिली.

या फळीवरचे दुसरे पुस्तक, जे मी इतरांना आवर्जून दाखवते, ते रशियन लेखक सोल्झेनित्सिनचे ‘इवान देनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’. ते ‘नोवी मीर’ या सोव्हिएत मासिकात नोव्हेंबर 1962 मध्ये छापले गेले. लेखकाने हस्तलिखिताला जे शीर्षक दिले होते ते ‘श्च-854’ असे होते, म्हणजे छळछावणीतल्या कैद्याचा क्रमांक. हा क्रमांक कैद्याच्या टोपीवर, कोटावर आणि विजारीवर रंगवलेला असे, आणि पहारेकरी त्याच क्रमांकाने त्याला पुकारत. मासिकाच्या संपादकांकडे शीर्षक बदलले आणि क्रमांकाच्या जागी माणसाचे नाव आले, तेही आदराच्या पूर्ण रूपात. निवेदक त्याला आडनावाने, शुखोव म्हणून, ओळखतो, आणि त्याच्याविषयी आपुलकी असलेले मोजके सोबती त्याला इवान देनिसिच म्हणतात. दिवसभरात घडते काय, तर तो सकाळी भाकरीचा अर्धा तुकडा गादीत शिवून लपवतो, थंडीत भिंत बांधतो, गवंडीकामाची आपली आवडती थापी जपून ठेवतो, आणि रात्री झोपताना दिवस जवळजवळ सुखाचा गेला असे म्हणतो. त्याच्या शिक्षेत असे 3,653 दिवस होते, तीन दिवस जास्तीचे, लीप वर्षांमुळे, असे पुस्तकाच्या शेवटी येते. बँकेत आयुष्यभर आकडे मोजलेल्या मला त्या तीन दिवसांवरून पुढे जायला वेळ लागला.

1962 हेच साल या फळीवर आणखी एका ठिकाणी भेटते. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्कीचा ‘इवानचे बालपण’ हा चित्रपट त्याच वर्षीचा आहे आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, दुसऱ्या एका चित्रपटासह विभागून. तो व्लादिमीर बोगोमोलोव याच्या ‘इवान’ या कथेवर आधारलेला आहे. काकांकडे त्याविषयीचे एक पातळ इंग्रजी पुस्तक आहे, त्यात चित्रपटातील छायाचित्रे आहेत. तो चित्रपट मी फार वर्षांपूर्वी लॉ कॉलेज रस्त्यावर पाहिला होता, आणि त्या रस्त्यावर चित्रपट संग्रहालय व चित्रपट संस्था दोन्ही असल्यामुळे पुण्यात असे चित्रपट पाहिलेली माणसे अजूनही भेटतात. नदी पोहून, चिखलाने माखून आलेला बारा वर्षांचा मुलगा लष्करी अधिकाऱ्यासमोर उभा राहून फक्त आडनाव सांगतो, बोंदारेव, आणि मुख्यालयाला कळवा म्हणतो. दुसऱ्या महायुद्धाने त्याला इतके मोठे केले आहे की तो स्वतःची ओळख मोठ्या माणसासारखी आडनावानेच देतो. चित्रपटाच्या नावात मात्र इवान आहे आणि बालपण आहे, आणि ती दोन्ही त्याला फक्त स्वप्नांत मिळतात. जर्मन सैनिक त्या युद्धात समोरच्या प्रत्येक सोव्हिएत सैनिकाला ‘इवान’ म्हणत, हे कळल्यावर शीर्षक आणखी जड होते.

फळीवरची लोकप्रिय वस्तू अर्थातच लोककथा आहेत. मॉस्कोच्या प्रगती आणि पुढे रादुगा या प्रकाशन संस्थांची मराठीतली पुस्तके ज्यांच्या लहानपणी घरात आली, त्यांना राजपुत्र इवान, करडा लांडगा आणि अग्निपक्षी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य, आणि त्या पुस्तकांच्या जाड, शाईचा वास असलेल्या पानांना ते नाव शोभत असे. या कथांमध्ये तीन भाऊ असतात, दोघे शहाणे, आणि धाकटा तो मूर्ख इवान, जो चुलीवर पडून राहतो, सगळ्यांवर विश्वास ठेवतो आणि शेवटी राजकन्या व राज्य दोन्ही मिळवतो. तोलस्तोयने हाच मूर्ख इवान उचलून त्याच्या राज्याला एक नियम दिला: ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याने पंगतीला बसावे, ज्याच्या हाताला नाहीत त्याने उरलेसुरले खावे. ही कथा मी माझ्या नातीला वाचून दाखवली तेव्हा तिने आधी माझे हात तपासले, मग स्वतःचे. बिलिबिन या चित्रकाराने लोककथांसाठी काढलेल्या चित्रांचा एक संच काकांनी काचेच्या कपाटात वेगळा ठेवला आहे, कारण त्या चित्रकाराचेही नाव इवानच.

गोगोलच्या दोन इवानांच्या भांडणाची गोष्ट, म्हणजे इवान इवानोविच आणि इवान निकिफोरोविच हे जिवलग शेजारी एका बंदुकीवरून आणि ‘हंस’ या एका शब्दावरून भांडतात आणि आयुष्यभर कोर्टात जातात ती, इंग्रजी संग्रहात आहे. तुर्गेनेव, गोंचारोव आणि बुनिन या इवान नावाच्या तिघा रशियन लेखकांची पुस्तके भरपूर आहेत. बुनिनला 1933 मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले आणि रशियन लेखकाला मिळालेले ते पहिलेच होते. कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे शाळेपासून माहीत असलेले पावलोव हेही इवान, त्यांना वैद्यकाचे नोबेल 1904 मध्ये मिळाले, आणि त्यांच्यावरचे एक लहान पुस्तक तुर्गेनेवच्या शेजारी उभे आहे. चित्रसंग्रहांपैकी रेपिनच्या एका चित्रापाशी थांबावेच लागते. रेपिन इवान नव्हता, तो इल्या, पण त्याने 1885 मध्ये पूर्ण केलेल्या चित्रात बाप आणि मुलगा दोघेही इवान आहेत. ‘भयंकर’ म्हणून ओळखला गेलेला झार चौथा इवान याने 1581 मध्ये रागाच्या भरात आपल्या थोरल्या मुलाला मारले, आणि चित्रात तो रक्ताळलेल्या मुलाचे डोके छातीशी धरून बसला आहे, डोळे विस्फारलेले. हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव चित्रसंग्रहालयात आहे आणि त्यावर दोनदा हल्ला झाला, 1913 मध्ये आणि 2018 मध्ये. छापील प्रतही मी रात्री उघडत नाही.

इवो आंद्रिच या फळीवर पाहून मी काकांना म्हटले की हे चुकून इकडे आले असावे. त्यांनी शांतपणे सांगितले की या लेखकाचे जन्मनाव इवानच आहे आणि इवो हे त्याचे घरगुती रूप आहे. मी घरी जाऊन पडताळले, ते बरोबर होते. 1961 चे साहित्याचे नोबेल मिळालेला, द्रीना नदीवरच्या पुलाची कादंबरी लिहिणारा हा लेखक या दुकानात जिथे सापडतो तिथे तो दुसऱ्या कोणत्याही दुकानात सापडणार नाही.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्यांविषयी. पहिली म्हणजे ही फळी फारच रशियन आहे. इवान हे नाव युक्रेनी, बल्गेरियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन लोकांचेही तितकेच आहे. युक्रेनचा इवान फ्रांको इतका मोठा लेखक की त्याच्या नावाने एक शहर आहे, बल्गेरियाचा इवान वाझोव, स्लोव्हेनियाचा इवान त्सांकार, हे तेथे असायला हवेत. वाझोवची एक इंग्रजी प्रत होती, ती गेल्यावर दुसरी आलेली नाही. दुसरी गोष्ट तत्त्वाची आहे. इवान हे मुळात हिब्रू ‘योहानान’ या नावाचे, ग्रीकमधून आलेले स्लाव रूप आहे. इंग्रजीतला जॉन, स्पॅनिशमधला हुआन, चेक व पोलिश लोकांचा यान, सर्बियन योवान आणि मराठी बायबलमधला योहान हे सगळे एकच नाव आहे. मग चेक लेखक यान नेरुदा वेगळ्या फळीवर का, असे मी विचारले. काकांचे म्हणणे असे की हाक मारताना जे ऐकू येते तेवढेच ते पाहतात. मला हे अपुरे वाटते, आणि निदान एक छोटी चिठ्ठी लावून त्या फळीकडे बोट दाखवावे असे मी त्यांना सुचवले आहे. बायकांची नावे, म्हणजे इवाना, तर अजून कुठेच नाहीत.

तिसरी तक्रार व्यावहारिक आहे. आतल्या खोलीत एकच दिवा आहे आणि खालच्या दोन फळ्या वाचायला मोबाइलचा उजेड लागतो. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते. काका डांबराच्या गोळ्या ठेवतात, महिन्यातून एकदा पुस्तके काढून झटकतात, तरीही मी घेतलेल्या दोन पुस्तकांना कसर लागलेली निघाली. त्यांनी ती विनातक्रार परत घेतली, हेही येथे लिहिले पाहिजे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने किंमत लिहिलेली असते आणि तीत घासाघीस होत नाही, मात्र किंमत मुळातच वाजवी असते: साधी प्रत पन्नास ते दीडशे, सोव्हिएत काळातली सचित्र बालपुस्तके दोनशेपासून पुढे. ऑनलाइन पैसे देता येतात. इवान आणि इव्हान अशा दोन्ही प्रकारे हे नाव मराठीत छापले जाते, त्यामुळे संगणकावरच्या यादीत शोधताना पुस्तके हुकतात. काकांची यादी डोक्यात असल्यामुळे तेथे हुकत नाहीत, परंतु ते दुकानात नसतील त्या दिवशी त्यांचा मदतनीस मुलगा गोंधळतो. म्हणून जाण्याआधी फोन करणे बरे. दुकान सकाळी अकरा ते दीड आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उघडे असते, सोमवारी बंद.

विकत घ्यायचे नसेल तर वाचायला नेण्याची सोय आहे, आणि तीच मला या दुकानाची सर्वांत मोलाची सेवा वाटते. पाचशे रुपये अनामत, महिन्याला शंभर रुपये, एका वेळी दोन पुस्तके. नोंदवही जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. काकांनी माझे नाव लिहिताना आडनाव विचारले नाही, नाव आणि वडिलांचे नाव विचारले. लग्नानंतर कोणत्याही वहीत, कोणत्याही अर्जावर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव मी लिहिलेले नव्हते. मी ते सांगितले आणि त्यांनी ते स्वच्छ अक्षरांत लिहिले. दर वेळी पुस्तक परत करताना मी ती ओळ वाचते.

शेवटी ‘वान्का’ या कथेविषयी, कारण या फळीवरून सर्वांत जास्त वेळा बाहेर जाणारे पुस्तक म्हणजे ती कथा असलेला चेकॉव्हच्या कथांचा पातळ संग्रह आहे. ही कथा 1886 मधली. नऊ वर्षांचा वान्का झूकोव मॉस्कोत एका चांभाराकडे कामाला ठेवलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक चर्चला गेल्यावर तो कपाटातून शाईची दौत आणि गंजलेल्या टाकाचे पेन काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो आणि बाकापुढे गुडघ्यांवर बसून आजोबांना पत्र लिहितो: मला येथून घेऊन जा, मी तुमच्यासाठी सगळे करीन. पाकिटावर तो लिहितो, ‘गावी, आजोबांना’, मग डोके खाजवून विचार करतो आणि आजोबांचे नाव घालतो, कोन्स्तान्तिन माकारिच. नाव आणि वडिलांचे नाव, अगदी आदराने. गावाचे नाव नाही, आडनावही नाही. त्या मुलाच्या जगात एवढे नाव पुरेसे आहे, कारण गावातली सगळी माणसे आजोबांना याच नावाने हाक मारतात. पत्र पेटीत टाकून तो झोपतो आणि त्याला स्वप्नात चुलीवर बसलेले आजोबा दिसतात, शेजारी शेपूट हलवत फिरणारा कुत्रा दिसतो. बँकेत मी अपुऱ्या पत्त्याचे किती अर्ज परत केले असतील याचा हिशेब माझ्याजवळ नाही, पण ही कथा तिथल्या प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याने वाचावी असे मला वाटते.

तो संग्रह सध्या बाहेर आहे. कोथरूडच्या एका शाळेतली सातवीची मुलगी तो घेऊन गेली आहे, तिच्या परतीची तारीख 18 आहे आणि तिच्यानंतर नोंदवहीत आणखी दोघांची नावे आहेत. ज्यांना हवा असेल त्यांनी आपले नाव आणि वडिलांचे नाव काकांकडे आताच लिहून ठेवावे.